पडद्यामागचा सोहम आणि हिरामावशी

मूल पाठमोरं उभं असलं तरी त्याला लागलीय की नाही, हे हिरामावशींना कळायचं. बालवाडीच्या हॉलमध्ये पंचवीस मुलं ठोकळे मांडून बसलेली असायची, मावशी पार दाराशी मटार सोलत असायच्या, आणि मध्येच मटाराचं ताट बाजूला सारून झारी उचलायच्या. "चल रे निल्या शर्टा, झाडाला पानी घालून येऊ." निळ्या शर्टाला वाटायचं, आपली निवड झाली. तो ऐटीत मागच्या अंगणात जायचा. जास्वंदीकडे जाणारी वाट मोरीवरून होती. मोरीपाशी पोचलं की निळा शर्ट आपणहून म्हणायचा, "मावशी, शू." पनवेलमधल्या दुसऱ्या कुठल्याही झाडाला त्या जास्वंदीइतकं पाणी मिळालं नसेल.

मी एकदा विचारलं, तुम्हाला कळतं तरी कसं? "त्यात काय हाय?" त्या म्हणाल्या. "पोरगा बडबडायचा थांबतो. मान जराशी आत जाते. आन् एका पायावर भार येतो. बघनाऱ्याला दिसतं." पुढे म्हणाल्या, "पन लागली का, असा विचारायचा नाय. विचारला का पोर नायच म्हनतं. तुमाला कोनी चारचौघांत विचारला तर तुमी काय सांगाल?"  त्याआधीचं अख्खं वर्ष मी माझ्या मुलाला दिवसातून वीस वेळा तेच विचारत आले होते, आणि तेही पाहुण्यांसमोर.

हिरामावशी बालवाडीच्या मदतनीस. बालवाडी म्हणजे आमच्या जुन्या पनवेलमधल्या सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन ब्लॉक. बारापर्यंत शाळा आणि पुढे साडेपाचपर्यंत पाळणाघर. बाई शिकवायच्या, मावशी बाकी सगळं. बाकी सगळं म्हणजे काय ते ज्यांनी मुलं वाढवली त्यांना सांगायला नको. मावशी उरणच्या बाजूच्या, चिरनेरच्या अलीकडच्या एका गावातल्या. वडील मिठागरावर कामाला, लहानपण तिथेच गेलेलं. लग्न होऊन पनवेलजवळच्या गावात आल्या आणि रोज सकाळी टमटमने बालवाडीत यायच्या. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा "काय?" म्हणायचे.

त्यांची एक सवय मला फार उशिरा कळली. कुणाही मुलाची ओली चड्डी त्या कधी पिशवीत घालून घरी पाठवत नसत. मागच्या दोरीवर बारा-पंधरा चड्ड्या कायम वाळत असायच्या, त्यातली एक चढवायची, भरलेली धुवायची आणि घरी जायच्या वेळेआधी वाळवून पुन्हा त्याच मुलाला घालायची. त्यामुळे कुणाची चड्डी कितीदा ओली झाली हे मावशी आणि ते मूल, या दोघांनाच ठाऊक. डायरीत लिहून पाठवावं असं बाईंच्या मनात होतं. मावशींनी साफ नाही म्हणून सांगितलं. "लिवला का आई वाचनार, बापाला सांगनार, बाप फोनवर आजीला सांगनार. एका शूची जत्रा होते, बाई."

ती जत्रा आमच्या घरात वर्षभर चालू होती.

सोहम जानेवारीत चार वर्षांचा झाला तेव्हा त्याला रंग येत होते, शंभरपर्यंत आकडे येत होते, आमच्या चाव्या कुठे आहेत हे आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. शूसुद्धा कधीमधी निसटायची, पण शी मुळीच येत नव्हती. म्हणजे यायची, पण डायपरमध्येच, आणि तीही दिवाणखान्यातल्या पडद्यामागे उभं राहून. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की हा पठ्ठ्या कपाटातून स्वतः डायपर काढून आणायचा, "आई, घाल" म्हणायचा, आणि पडद्यामागे जायचा. पडद्याखालून दोन पावलं दिसायची. पाच मिनिटं पडदा थरथरायचा. मग आतून आवाज, "झालं." जो मुलगा स्वतः डायपर आणून देतो त्याला समजत नाही असं कोण म्हणेल? त्याला सगळं समजत होतं. नेमकं त्याचाच मला राग यायचा.

आम्ही काय केलं नाही? कमोडवर बसवायला बदकाच्या तोंडाची सीट आणली. भिंतीवर तक्ता लावला, चांदण्यांची पाकिटं आणली. तक्त्यावर एकही चांदणी चढली नाही, सगळ्या सोहमने फ्रिजवर चिकटवल्या. माझा नवरा संदीप उरणच्या बंदरावर नोकरीला, सकाळी सहालाच घराबाहेर. तो म्हणायचा, "होईल गं. लग्नात काय डायपर घालून उभा राहणार आहे?" असं म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणारा बंदरावर असतो. आणि वाईहून सासूबाईंचा रोज फोन. "संदीपचं लंगोट-दुपटं मी आठ महिन्यांत सोडवलं होतं." मला हे ऐकून इतकं पाठ झालं होतं की त्यांनी नुसतं "संदीपचं" म्हटलं तरी मी पुढचं पूर्ण करायचे.

पण थट्टा बाजूला. खरी भीती जूनची होती. सोहमला मोठ्या शाळेत ज्युनिअर केजीला प्रवेश मिळाला होता आणि तिथे पहिली अट ही की मूल स्वतःचं स्वतः जाणारं हवं. जमत नसेल तर नाव काढून घ्या, पुढच्या वर्षी या. सासूबाईंनी तोडगाही काढून ठेवला होता. "मे अखेरपर्यंत नाही जमलं तर वर्षभर माझ्याकडे ठेव. सरळ करते." त्या मायेनेच म्हणत होत्या, पण संदीप एके रात्री म्हणाला, "वाईट काय आहे त्यात?" आणि मी दिवा लावून उठून बसले. माझं चार वर्षांचं पोर एका शीपायी माझ्यापासून दूर वाईला जाणार होतं.

जानेवारीअखेर त्याला बालवाडीत घालताना मी खोटं बोलले होते. फॉर्मवर "सर्व सवयी आहेत का?" या प्रश्नापुढे मी ठसठशीत "हो" लिहिलं होतं आणि पहिले काही दिवस हाफपँटच्या आत डायपर घालून त्याला पाठवलं होतं. चौथ्या दिवशी घ्यायला गेले तर मावशींनी मला जास्वंदीपाशी बोलावलं. मला वाटलं, आता बाईंपुढे नेणार.

"बाय, तुमचा पोरगा बसताना बूड टेकवत नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना हळू आवाज होता हे मला तेव्हा कळलं. "पयल्या दिवशीच बगितला मी. बाईंना नाय सांगितला. तुमी आता त्याला साधी चड्डी घालून पाठवा. शूचा मी बघते."

"आणि शी?"

"तो इथं करनारच नाय. दाबून धरतो. घरी जाऊन करतो ना? कुठं करतो?"

मी पडद्याचं सांगितलं. सांगताना माझे डोळे भरून आले, आणि मला वाटलं आता या हसणार. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजे एकांत पायजे त्याला. शाना हाय."

चार वर्षांत माझ्या मुलाला त्या बाबतीत शहाणं म्हणणारी ती पहिली बाई.

शूचं पंधरा दिवसांत मिटलं. शीला मावशींनी हातच लावला नाही. मी रोज विचारायचे, "आज काही?" आणि त्या रोज मान हलवायच्या. एक दिवस मी चिडून म्हणाले, मावशी, फेब्रुवारी संपत आला. त्यावर त्यांनी मला मिठागराची गोष्ट सांगितली. त्यांच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी मिठागर यायचंच. "भरतीचा पानी आत घ्यायचा, बांध घालायचा, आन् मंग बसायचा. ऊन हाय, वारा हाय, त्यांचा काम ते करतात. माजा बाप दिवसभर बांदावर बसून असायचा. नवीन मानूस आला का दर घटकेला पानी ढवळून बघायचा, मीठ आला का, मीठ आला का. बाप त्याला शिव्या घालायचा. ढवळला का मीठ मोडतं, बाय. आन् वरडून तर कदीच पिकत नाय."

मला अर्थ कळला. कळून राग गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

एका शनिवारी त्या आमच्या घरी आल्या. चहा घेतला, घर बघितलं, मग थेट संडासात शिरल्या. बदकाची सीट उचलून बाहेर आणली आणि सोहमला म्हणाल्या, "याला गॅलरीत ठेव, उन्हात बसू दे." मग माझ्याकडे वळल्या. "तुमी बसाल का असा, पाय लोंबकळत? जोर कुठून येनार? पाय कुठंतरी टेकाया नको?" आम्ही दोघं नोकरी करणारी, शिकलेली माणसं. तक्ता केला, चांदण्या आणल्या. मुलाचे पाय हवेत आहेत हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी बाथरूमच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, भिंतीला टेकून बसल्या आणि दोन्ही पाय लांब केले. "ये," त्यांनी सोहमला बोलावलं. आपल्याकडे तान्ह्या पोराला आई आपल्या पायांवर बसवते ना, तसं. माझ्या आईने मला बसवलं होतं, सासूबाईंनी संदीपला बसवलं होतं. सोहमच्या वेळी डायपर आले, मी तीन महिन्यांनी कामावर रुजू झाले, आणि ती एक पायरीच आमच्या घरातून गळून गेली. चार वर्षांचा, पंधरा किलोंचा सोहम त्यांच्या पायांवर बसायला बघत होता आणि मी म्हणत होते, "मावशी, अहो, तो केवढा मोठा आहे!"

"मोठा तुमाला. त्याला ही गोष्ट अजून पयलीच हाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी काही झालं नाही. त्यांना व्हायला नकोच होतं. सोहम बसला, दोघांनी गॅलरीतल्या बदकाविषयी गप्पा मारल्या, उठला. मला मात्र चार आज्ञा मिळाल्या. डायपर मागितला तर द्यायचा, पण पडदा नाही, बाथरूम. दार लावून घेऊ दे. दूधबिस्किटं बंद, सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका आणि त्यांचं पाणी, दुपारी पातळ पेज. आणि शीविषयी घरात एक शब्द नाही. शेवटची आज्ञा सगळ्यात कठीण होती. आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. पहिले दोन दिवस संदीप आणि मी जेवताना एकमेकांकडे नुसते बघत बसलो.

पडदा आठ दिवसांत सुटला. मग डायपर नुसता खाली अंथरायचा, घालायचा नाही. तिकडे बालवाडीत रोज दुपारी मुलं झोपली की मावशी मागच्या मोरीत पाय लांब करून बसायच्या आणि सोहमला सांगायच्या, "मी बसते. तुला वाटला तर ये." आणि मार्चमध्ये एका दुपारी तो गेला. बसला. आणि केली.

मावशींनी मला संध्याकाळी अंगणात गाठून नुसतं डोळ्यांनी सांगितलं. मी कुठली ऐकतेय! मी सोहमला उचललं, गरागरा फिरवलं, मुके घेतले, सासूबाईंना फोन लावला, संदीपला बंदरावर फोन लावला. आणि घरी जाताना मिठाईच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले. आपल्याकडे पास झालं की पेढे, नोकरी लागली की पेढे, मुलगा झाला की पेढे. माझ्या लेखी यापेक्षा मोठी बातमी चार वर्षांत झाली नव्हती. आमच्याच मजल्यावरच्या शबानाभाभींना पहिला पेढा दिला. "माशाल्ला, माशाल्ला!" त्या म्हणाल्या. "कसली खुशखबर? बढती झाली?" आणि मी, सोहम शेजारी उभा असताना, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, कसली ते सांगितलं. भाभी बिचाऱ्या पेढा हातात धरून "मुबारक" म्हणाल्या. मी त्या दिवशी तीन मजले चढले.

त्यानंतर पाच दिवस सोहमने पोट धरून ठेवलं. बाथरूम नाही, मावशींचे पाय नाहीत, डायपरही नाही. पोट दगडासारखं झालं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, सक्ती करू नका, घाबरलाय. सहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर पडद्याखाली दोन पावलं दिसली, आणि या वेळी अंगावर डायपर नव्हता. पडदा, फरशी, सगळं भरलं होतं. मी त्याला मारलं. एकदाच, पण जोरात. तो रडला नाही. खाली बसला आणि पडद्याचं टोक मुठीत धरून आपलं आपण फरशी पुसायला लागला. 

दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगितलं. त्या आधी पेढ्यांवर अडकल्या. "पेढं वाटलं? शीचं?" त्यांना हसावं की रडावं कळेना. मग एकदम भडकल्या. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा आवाज प्रथमच माझ्यावर निघाला. "पोरानं कदी नाय ती मनाची गोष्ट केली, आन् तुमी ती ताटलीत घालून गावाला दाखवली! आता त्याला वाटतं, केली का सगली बिल्डिंग येनार बघायला! मी असते तर मी पन नसती केली!"

मी मान खाली घालून उभी. मारल्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज उतरला. "हात लागला, लागला. कोनाचा लागत नाय? आता घरी जायचा, त्याला समोर बसवायचा, आन् सांगायचा, आई चुकली."

"मावशी, आईने पोराला असं सांगायचं?"

"का? आई काय देव हाय?"

मी सांगितलं. त्याच रात्री, जेवण झाल्यावर. सोहमने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेढ्याचं पण चुकली?" म्हटलं, हो, पेढ्याचं पण. "बरं," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. एप्रिल गेला. मावशींनी कमोडसमोर ठेवायला त्यांच्या घरचा एक बुटका पाट आणून दिला, पाय टेकायला. आणि मला एक पिशवीभर त्यांच्या शेतातला तांदूळ. "तो आत गेला का तुमी दाराबाहेर बसायचा, दिसेल असा. पन बोलायचा नाय. तुमाला गप बसता येत नाय, म्हनून हे हाताला काम. तांदूल निवडा." तो तांदूळ त्यांनी मुद्दाम तसला शोधून आणला असणार. अर्धा तांदूळ आणि अर्धे खडे. मी रोज संध्याकाळी ताट घेऊन बाथरूमच्या दाराशी बसायचे. आत सोहम पाटावर पाय टेकून स्वतःशी गाणी म्हणायचा, बाहेर मी खडे वेचायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्याला वेड लागलंय. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की गेल्या दोन वर्षांत मी मुलाजवळ इतका वेळ काहीही न मागता बसलेच नव्हते.

मे महिन्याचा दुसरा आठवडा असावा. सासूबाईंनी वाईहून न्यायला येण्याची तारीख विचारून ठेवली होती. मी ताट घेऊन बसले होते. आतलं गाणं मध्येच थांबलं. मी मान वर केली नाही. दरवाजा अर्धा लोटलेला होता, त्याला मी दिसत होते. बराच वेळ काहीच नाही. मग एक आवाज झाला, जो कुठल्याही आईला सांगावा लागत नाही. पाठोपाठ बादलीत तांब्या बुडाला. मग फ्लश. मग पुन्हा फ्लश, कारण त्याला तो आवाज आवडला. मी हातातला एकच दाणा किती वेळ चिमटीत धरून बसले होते कुणास ठाऊक. सोहम बाहेर आला, अर्धी चड्डी वर, अर्धी खाली, माझ्या शेजारी बसला आणि ताटातला एक खडा उचलून म्हणाला, "हा राहिला तुझा."

मी म्हणाले, "हो की."

बस, एवढंच बोलले. मग स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि पदराचा बोळा तोंडात धरून हसले, रडले, नाचले. अक्षरशः नाचले, ओट्याला धरून. जिंकल्याचा असा आनंद मला ना परीक्षेत झाला होता ना लग्नात. सासूबाईंना मी सांगितलं नाही. दहा दिवस सांगितलं नाही! अकराव्या दिवशी त्यांनीच विचारलं, कधी येऊ न्यायला? मी म्हटलं, या ना, पण राहायला या. न्यायचं काही उरलं नाही.  मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू का सूनबाई, संदीपचं आठ महिन्यांत वगैरे काही सुटलं नव्हतं. साडेतीन वर्षं घेतली गाढवानं." आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की संदीपला वाटलं कुणाचं तरी लग्न जमलं.

जूनमध्ये सोहम मोठ्या शाळेत गेला. पहिल्याच आठवड्यात वर्गात हात वर करून, परवानगी घेऊन, एकटा जाऊन आला. हे मला वर्गशिक्षिकांकडून कळलं, त्याने स्वतः सांगितलं नाही. तेव्हा मात्र मी पेढे आणले आणि एकटीने, दार बंद करून, तीन खाल्ले. चौथा मावशींना नेऊन दिला. "गुपचूप हाय ना?" त्यांनी विचारलं आणि पदराआड धरून खाल्ला.

पुढे मावशींचं नाव पसरलं. खारघरच्या टॉवरमधल्या आया गाडी करून यायच्या, हातात आपापल्या पोरांचे तक्ते घेऊन. मावशी तक्ता उलटा करून त्यावर मटार सोलायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं मोठी झाली. बाजारात मिसरूड फुटलेला एखादा पोरगा त्यांना बघून रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. मी म्हणायचे, बघा, ओळख देत नाही. त्या खूश व्हायच्या. "लाजतो. म्हंजे मोठा झाला. लाजू दे."

चार-पाच वर्षांनी त्यांचे गुडघे बोलायला लागले. फरशीवर बसलं की उठवेना. विमानतळ होणार, होणार म्हणून त्यांच्या गावात तेव्हा सगळीकडे नवी घरं उठत होती. त्यांच्या मुलानेही बांधलं होतं आणि आईने आता घरी बसावं असा हट्ट धरला होता. बाईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये निरोपाचा छोटा समारंभ ठेवला. जुनी मुलं, त्यांच्या आया, असा हॉल भरला. मावशी पुढे खुर्चीवर, नव्या साडीत अवघडून बसलेल्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी "अमूल्य सेवा" म्हटलं, एका आईने "संस्कार" म्हटलं, दुसरीने "सर्वांगीण विकास" म्हटलं. मावशींनी पंचवीस वर्षं नेमकं काय केलं ते भाषणांत कुणीच सांगेना. मीसुद्धा बोलले. मीसुद्धा "माया" या शब्दावर थांबले. पेढे खाल्लेले शेजारी सोडून पनवेलमध्ये कुणाला आमची गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती तशीच राहावी अशी मी इतकी वर्षं काळजी घेतली होती.

शेवटी मुलांतर्फे दोन शब्द म्हणून सोहमला पुढे बोलावलं. नऊ वर्षांचा, नुकतेच पुढचे दात मोठे आलेले. बाईंनी कागद लिहून दिला होता. त्याने माइकसमोर वाचलं, "हिरामावशींनी आम्हांला चांगल्या सवयी लावल्या." मग कागदाकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि कागद खिशात घातला.

"म्हणजे शी," तो म्हणाला. "मला चार वर्षांचा झालो तरी येत नव्हती. मी पडद्यामागे करायचो. मावशींनी शिकवली."

 दुसऱ्या रांगेतून एक मुलगी उठून म्हणाली, "मला शू." तिच्या मागून एक दांडगट पोरगा, "मला दोन्ही." हशा पिकला, टाळ्या पडल्या, पोरं उठून उठून आपापलं सांगायला लागली. त्या गलक्यात मावशी खुर्चीतून उभ्या राहिल्या आणि त्यांचा तो आवाज माइकशिवाय सगळ्या हॉलला पुरला. "खोटा सांगतो यो! मी नुसती बसली होती. केली त्यानं!"

माझ्या शेजारी खारघरहून आलेली एक तरुण आई बसली होती, मांडीवर तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा, हाफपँट थोडी जास्तच फुगलेली. ती डोळे पुसत हसत होती. "कोण हो तो मुलगा?" तिने विचारलं.

मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा."